सराई तीच, मालकीण नवी

चिनी दिग्दर्शक किंग हूचा 1967 चा तलवारपट 'ड्रॅगन इन' आणि त्याचा 1992 चा रिमेक, यांची दोन चित्रं शेजारी शेजारी आणि खाली लांबलचक मजकूर. तुमच्याही फोनवर आला असेल. मला तीन ग्रुपांवर आला आणि तिन्हीकडे त्याखाली हात जोडलेले. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या चिनी तलवारपटांत लढाई खरी होती, नटांना हवेत उडवणाऱ्या तारा आणि करामती नव्हत्या. रिमेकवाल्यांनी त्याची सर्कस केली. रिमेक म्हणजे नुसती नक्कल, तीही पैशांसाठी. आणि नक्कल आली की अस्सल विस्मरणात जातं.

आधी ती 'खरी लढाई' बघू.

किंग हू बीजिंगचा, पेकिंग ऑपेरा, म्हणजे गाणं, नाच आणि कसरतींचं तिथलं जुनं संगीत नाटक, बघत वाढलेला. आपल्या सिनेमातली मारामारी कुंगफूची नाही, ऑपेरातल्या नाचातून आलेली आहे, हे तो स्वतःच सांगायचा. लढाया बसवणारा हान यिंगजिए ऑपेराच्याच तालमीत तयार झालेला. उड्यांसाठी ट्रॅम्पोलिन वापरायचे आणि पुढचं काम कात्री करायची: पाय जमिनीवरून सुटला की कट, हवेतलं अंग डोळ्यांपुढून सरकलं न सरकलं तोच पुन्हा कट. पार्श्वसंगीतात ऑपेरातल्या लाकडी टिपऱ्यांचा ठेका कान देऊन ऐका. माणसं त्या ठेक्यावर थांबतात आणि त्यावरच वळतात.

शिह चुनचा नायक सराईत एकटाच येऊन बसतो, तो प्रसंग आठवा. भोवती सगळे मारेकरी, आणि हा नूडल्सचा भरलेला वाडगा खोलीपलीकडच्या टेबलावर फेकतो. वाडगा सरळ उभा बसतो, थेंब सांडत नाही. हे कोणत्या आखाड्यात शिकवतात? ही करामतच आहे आणि म्हणूनच ती इतकी गोड आहे. तिला 'खरी' ठरवून आपण किंग हूचं कौतुक करत नाही, त्याची मेहनत झाकतो.

तारांचं म्हणाल तर त्या 'ड्रॅगन इन'च्याही कितीतरी आधीच्या. शांघायमध्ये 1928 मध्ये लाल कमळ मंदिराच्या जळितावरची चित्रपटमालिका सुरू झाली. 1931 पर्यंत तिचे 18 भाग आले. तिच्यातले वीर तारांवर लटकूनच उडायचे. लोक इतके वेडावले की सरकारने शेवटी बंदी घातली. तेव्हा 'पूर्वी असलं नव्हतं' म्हणायचंच असेल, तर निदान 1928 च्या मागे जाऊन म्हणा.

आता नक्कल. मजकूर लिहिणाऱ्याने 1992 चा चित्रपट पाहिला आहे का, अशी शंका मला इथेच आली.

मूळ गोष्ट साधी आहे. मिंग राजवट, 1457 साल. गुप्तहेर खात्याचा प्रमुख असलेला खोजा एका निष्ठावंत मंत्र्याचा शिरच्छेद करवतो. मुलांना सीमेवर हद्दपार केलं जातं आणि वाटेत, सीमेवरच्या सराईत, त्यांना संपवायचा बेत ठरतो. सराईचा मालक त्या मंत्र्याच्या हाताखाली काम केलेला माणूस. म्हणजे बाजू आधीच ठरलेल्या आहेत. कोण कुणाचा हे कळायला वेळ लागतो, पण जो तो आपल्या जागी पक्का आहे.

1992 मध्ये हाँगकाँगचे निर्माता त्सुई हार्क आणि दिग्दर्शक रेमंड ली यांनी हा मालकच काढून टाकला. त्याच्या जागी आली जिन शियांग्यू, मॅगी च्युंगने केलेली. ही बाई ना मंत्र्याची, ना खोजाची. हिच्या भट्टीत शिजणाऱ्या पावांत कोणाचं मांस असतं ते विचारू नये. सराईखालून निघणारी चोरवाट फक्त हिला ठाऊक, आणि ती सांगायची किंमत म्हणून ही नायकाकडे लग्न मागते. नायकाची प्रेयसी, ब्रिजिट लिन, त्याच छताखाली. दोघींची पहिली गाठ न्हाणीघरात पडते आणि तिथे त्या एकमेकींचे कपडे गरागरा फिरवत हिसकावतात. भांडण आहे, थट्टा आहे, माप घेणंही आहे. शेवटी जिन स्वतःच्या हाताने सराई पेटवते आणि घोड्यावर बसून निघते. धंद्यापलीकडे काही न बघणारी बाई बाजू कशी घेते, ही या चित्रपटाची गोष्ट आहे. मूळ चित्रपटात ती नव्हतीच. मग नक्कल कशाची केली?

गंमत म्हणजे सराईची मालकीण ही कल्पनासुद्धा किंग हूच्याच घरातली. 1973 च्या त्याच्या 'द फेट ऑफ ली खान'मध्ये सराई बाईच चालवते. रिमेकवाल्यांनी एकाच चित्रपटावर डोळा ठेवला नव्हता, अख्खा किंग हू वाचला होता. याच त्सुई हार्कने 1990 च्या 'स्वोर्ड्समन'साठी दिग्दर्शक म्हणून खुद्द किंग हूला बोलावलं होतं. ते जमलं नाही, तो मध्येच बाहेर पडला, पण श्रेयनामावलीत नाव आहे. अनादर करणाऱ्याची ही रीत नव्हे.

आणखी एक. 1967 ची सराई तैवानच्या डोंगरात उभी होती, कारण चीनच्या मुख्य भूमीचं दार किंग हूला बंद होतं. त्या खडकाळ वाऱ्याचं सौंदर्य वेगळंच, वाद नाही. पण 1992 मध्ये कॅमेरा थेट गान्सूच्या वाळवंटात, दुनहुआंगकडे जाऊ शकला आणि वाळू हेच एक पात्र झालं. ब्रिजिट लिन त्याच वाळूत रुतून दिसेनाशी होते. हाँगकाँग चीनच्या हाती जायला तेव्हा पाच वर्षं उरली होती. वेशीवरची सराई आणि बाहेर पडायची वाट शोधणारी माणसं यांत तिथल्या अनेकांना आपलीच अवस्था दिसली, तर नवल नाही.

डॉनी येनच्या खोजाचा शेवट अती आहे, हे मात्र मान्य. सराईचा आचारी मांसाच्या सुरीने त्याच्या हाताचं मांस खरवडून नुसतं हाड ठेवतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो. पण ते हाड आकाशातून पडत नाही. अख्खा चित्रपट मांस कापणाऱ्या स्वयंपाकघरावर उभा आहे.

पैशांचा मुद्दा चटकन आटपू. 1967 चाच 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' दहा लाख हाँगकाँग डॉलर कमावणारा तिथला पहिला चित्रपट मानला जातो. अभिजात चित्रपट काही धर्मादाय म्हणून निघत नव्हते. त्याच्या दिग्दर्शकाने, चांग चेहने, 1971 मध्ये नवा नायक घेऊन ही एकहाती तलवार पुन्हा परजली. उलट त्सुई हार्कने 1995 मध्ये त्याच कथेवरून केलेला 'द ब्लेड' तिकीटबारीवर आपटला, आणि आज जाणकार त्याला डोक्यावर घेतात. डेरेक यीने 1977 मध्ये ज्या 'डेथ ड्युएल'मध्ये नायक म्हणून काम केलं, तोच 39 वर्षांनी 'स्वोर्ड मास्टर' म्हणून स्वतः दिग्दर्शित केला. यात नुसता गल्ला दिसत असेल, तर नाइलाज आहे.

फसलेले रिमेक नाहीत असं नाही. 2011 मध्ये 'फ्लाइंग स्वोर्ड्स ऑफ ड्रॅगन गेट'मधून त्सुई हार्क त्याच वेशीवर परतला, यावेळी थ्रीडी घेऊन. वादळ कॉम्प्युटरमधलं, खजिना वाळूखालचा, आणि डोळ्यांवर धावून येणाऱ्या तलवारी. सराईत श्वास कोंडणारी ती शांतता कुठेच नाही. मजकूर लिहिणाऱ्याने 1992 ऐवजी हे उदाहरण घेतलं असतं, तर मी गप्प बसलो असतो.

राहिला विस्मरणाचा आरोप. रिमेकनंतर 22 वर्षांनी, 2014 मध्ये, 'ड्रॅगन इन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. विसरलेल्या चित्रपटावर कोणी एवढा खर्च करत नाही.

यावर कोणी त्साई मिंग-लियांगचा 2003 चा 'गुडबाय, ड्रॅगन इन' पुढे करील, म्हणून तेही बोलून टाकतो. तैपेईतलं एक जुनं थिएटर, शेवटचा खेळ, पडद्यावर 1967 चा 'ड्रॅगन इन', बाहेर पाऊस. जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांत मूळ चित्रपटातले शिह चुन आणि मियाओ तिएन स्वतः बसलेत, आपलंच तारुण्य बघत. शिह चुनचे डोळे भरून येतात. खेळ संपल्यावर दोघं बाहेर भेटतात: आता सिनेमाला कोणी येत नाही, आपल्याला कोणी ओळखत नाही. पण त्या थिएटरला कुलूप मॅगी च्युंगमुळे लागलं, असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.