माळ पेटवा म्हणे!

मामांचा फोन सकाळी सातला. "शनिवारी येतूस ना? दोन पोती बिया झाल्यात." कशाच्या, तर सुबाभळीच्या. आदल्या रात्री त्यांनीच घरच्या गटावर तो मेसेज टाकला होता: नायगाव मयूर अभयारण्याचा माळ ओसाड पडलाय. मृगाआधी वाळलेलं गवत पेटवा, बिया फेका, झाडं आली की पाऊस येईल. सरकारी जागा आहे, परवानगी लागत नाही.

परवानगीचं आधी मिटवू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशी आग लावू देत नाही. कलम २९ म्हणतं, परवान्याशिवाय तिथल्या वन्यजीवांची नासधूस नको. आणि 'वन्यजीव' या शब्दाच्या व्याख्येत अधिवासातली वनस्पतीही येते. म्हणजे माळावरचं कुसळी गवतसुद्धा, मामा!

जाळलेल्या माळावर कोवळं गवत लवकर फुटतं, हे खरंय. मेंढरं तुटून पडतात त्यावर. पण उन्हाळ्यात टिटवीची अंडी तिथंच उघड्या मातीवर असतात. ती काय उचलून नेणार आहे?

आणि ओसाड कशाला म्हणायचं? मामांच्या धोतराला चिकटलेली कुसळं ते ओसरीवर बसून एकेक उपटतात, शिव्या देत. त्या कुसळाला पीळ असतो. ओल लागली की सुटतो, वाळलं की आवळतो, आणि असं फिरत फिरत बी मातीत शिरतं. फेकायला माणूस लागत नाही. खर्चुडीची वेल उन्हाळ्यात दिसतही नाही, पण खाली कंद जिवंत असतो. पावसाळ्यात तिला कंदिलासारखं फूल येतं. माशी आत उतरते आणि नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळं अडकते. केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. मे महिन्यात बघून म्हणायचं, इथं काहीच नाही!

सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. शेंगा फुटल्या की रान धरते, आणि उन्हात वाढणारं पवन्या, मारवेलसारखं गवत तिच्या सावलीत मागं पडतं.

पावसाचं काय बोलायचं? मोठ्या जंगलांचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध असतो, मान्य. दोन पोत्यांनी मान्सून वळत नाही.

एवढं ऐकून मामा म्हणाले, "मग या पोत्यांचं काय करू?" म्हटलं, बांधावर कडुलिंब लावा, बाभूळ लावा, हे मात्र कुठंच टाकू नका. फोन ठेवला त्यांनी. मेसेज गटावर अजून तसाच आहे, खाली अकरा अंगठे.