खुलासा : टेक्ससमधली 'डिव्हिजन २' म्हणजे दुय्यम गट नव्हे

टेक्ससच्या शालेय अमेरिकन फुटबॉलबद्दल एक मेसेज फिरतोय : ६ए या सर्वांत मोठ्या शाळांच्या वर्गात डिस्ट्रिक्टमधले (म्हणजे साखळी सामन्यांच्या गटातले) पहिले दोन संघ बाद फेरीच्या डिव्हिजन १ मध्ये जातात, तिसरा-चौथा डिव्हिजन २ मध्ये. हे चुकीचं आहे. २०२४ च्या हंगामात प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून चार संघ बाद फेरीत गेले. त्यांतल्या जास्त पटाच्या दोन शाळा डिव्हिजन १ मध्ये, उरलेल्या दोन डिव्हिजन २ मध्ये. गुणतक्त्यातल्या क्रमांकाचा इथे संबंधच नाही. डिस्ट्रिक्ट जिंकलेली शाळासुद्धा पट कमी असेल तर डिव्हिजन २ मध्येच खेळते, तेव्हा त्या पोरांना 'दुय्यम' म्हणू नका. ५ए आणि खालच्या वर्गांत ही विभागणी हंगामाआधीच ठरलेली असते. ६ए मध्येही तसंच व्हावं, असं मला मनापासून वाटतं.