आधी माती तपासा, मग पोरांचं रक्त

पुण्यात सहकारनगरला आईची सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली आहे. ग्रुपवर कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग, मधल्या काळाचं भाडं यांवरून रोज खडाजंगी होते, आणि ती व्हायलाच हवी. मी बोस्टनहून त्यात एक प्रश्न टाकला: पाडकामात जुन्या, शिसं असलेल्या ऑइलपेंटची धूळ शेजारच्या बालवाडीच्या अंगणात जाणार, तिचं काय? एका काकांचं उत्तर आलं, "अगं, आम्ही मातीत लोळूनच मोठे झालो. तिकडच्या काळज्या इकडे नको पाठवूस." खाली अंगठ्यांची रांग.

परदेशातून येणाऱ्या उपदेशांना लोक वैतागले असतील तर नवल नाही. पण काकांच्या लहानपणी, आणि माझ्याही, पेट्रोलमध्ये शिसं असायचं. देशभर ते बंद झालं २००० साली. दुचाक्यांच्या पुण्यात तोवर जे धुरातून बाहेर पडलं, त्यातलं बरंच रस्त्याकडेच्या मातीत जाऊन बसलं. शिसं कुजत नाही, पावसाने सहज खोल झिरपतही नाही, वरच्या काही इंचांतच राहतं. त्याने मूल आजारी दिसत नाही. बुद्ध्यांक थोडा घसरतो, लक्ष लागत नाही, बाई म्हणतात, "फार चंचल आहे हो तुमचा." कुणाचं किती नुकसान झालं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर "आम्हाला काय झालं?" असं बिनधास्त विचारता येतं.

युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणाऱ्या प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं काळजी करण्याइतकं असल्याचा अंदाज होता. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. रांगणारं पोर हात तोंडात घालणारच, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. लोह कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांत दोघांना रक्तक्षय आहे, हे याच्या शेजारी ठेवून बघा.

आता इथलं. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बोस्टनच्या राज्यात, एक वर्षाच्या आसपास, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मुलाच्या रक्तातलं शिसं तपासतात. बालवाडीत नाव घालताना तो कागद मागतात. आमचं भाड्याचं घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी येण्याआधीचं. खिडकी वर-खाली करताना चौकट घासते आणि रंगाची पांढरट पूड खालच्या फळीवर साचते, नेमकी जिथे पोर हात टेकून रस्त्यावरच्या गाड्या बघतं. फळी ओल्या फडक्याने पुसायची, कोरडा झाडू लावायचा नाही, हे इथल्या नर्सबाईंनी शिकवलं.

पण कौतुक मी इथेच थांबवते. सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल तर असल्या जुन्या घरातला शिशाचा धोका मालकाने दूर करायचा, असा इथला कायदा. परिणाम असा की तान्हं मूल कडेवर दिसलं की काही मालकांना एकदम आठवतं, जागा कालच गेली. असा भेदभाव बेकायदेशीर आहे, तरी चालतो. शिवाय बऱ्याचदा घर तपासायची वेळ येते ती मुलाच्या रक्तात शिसं सापडल्यावर. म्हणजे धोका शोधायचं काम पोराकडून करून घ्यायचं! ही नक्कल पुण्याने करू नये.

पुण्याला क्रम उलटा ठेवता येईल, आणि तो परवडेल. माती परीक्षण म्हटलं की आपल्याला नत्र, स्फुरद, पालाश आठवतं. शेतकऱ्यांना २०१५ पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, त्यांत शिसं नाही. पीक घेणाऱ्यासाठी ते ठीकच. पण जस्त आणि लोह मोजायला प्रयोगशाळेत जे यंत्र वापरतात, त्यातला दिवा बदलला की तेच शिसंही मोजतं. इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत परसबागेची माती पाठवली की खतांच्या सल्ल्यासोबत शिशाचा आकडाही येतो. अमेरिकेने घराभोवतालच्या मातीची इशारा-पातळी २०२४ मध्ये दशलक्षात ४०० भागांवरून २०० वर आणली. आपल्याकडे नव्या घरगुती रंगात शिसं २०१७ पासून दशलक्षात ९० भागांच्या आत असावं लागतं, पण पाडल्या जाणाऱ्या भिंतीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: पाडण्याआधी आणि नंतर अंगणाच्या मातीचा नमुना, रंग खरवडताना ओलं काम, आणि राडारोडा कुठे जातो याची पावती. हिरवी जाळी उडणारी धूळ अडवते, खाली बसलेली नाही. तोच राडारोडा उद्या एखाद्या मैदानाच्या भरावात गेला तर सगळं केलेलं पाण्यात. आणि मुलांचं हिमोग्लोबिनसाठी बोट टोचतील तेव्हा निवडक ठिकाणी शिशासाठी आणखी एक थेंब घ्यावा.

मात्र सुरुवात आमच्या सोसायटीपासून नको. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्यांची पोरं त्याच जागी खेळतात, त्यांचा नंबर पहिला. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली, जमीन तिथेच आहे. त्या जमिनीचं पुढे जे काही करायचं ते करा, पण मातीचा अहवाल हातात आल्यावर. सहकारनगर तोवर थांबू शकतं.