'चकी' मालिका रिमेक नाही

खुनी बाहुलीच्या भयपटांवरून आलेल्या 'चकी' या दूरचित्रवाणी मालिकेचं कौतुक करताना अनेक जण लिहितात, की तिने जुने सिनेमे पुसून टाकले आणि गोष्ट नव्याने सुरू केली. हे खरं नाही. कौतुक रास्तच आहे, पण कारण नेमकं उलटं आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या पहिल्या सिनेमापासून २०१७ पर्यंतच्या सातही भागांचा धागा पुढे नेते. गोंधळ होतो तो २०१९ च्या सिनेमामुळे. रिमेक तो होता. त्यातली बाहुली बिघडलेलं यंत्र होती आणि आवाज मार्क हॅमिलचा. मालिकेत मात्र बाहुलीत चार्ल्स ली रे या खुन्याचाच आत्मा आहे, आवाज पुन्हा ब्रॅड डूरिफचा आणि सूत्रं डॉन मॅनसिनीकडे. मूळ कथाही त्याचीच.

मला सगळ्यात भावलं ते तरुण चार्ल्सचं काम. जुन्या आठवणींच्या प्रसंगांत ते ब्रॅडची मुलगी फियोना डूरिफने केलंय, बापाचा चेहरा रंगभूषेने चढवून. जुन्या सिनेमांतल्या निका या पात्राच्या भूमिकेतही ती आहेच! जुना इतिहास पुसला असता, तर हे सुचलंच नसतं.

आणखी एक: बाहुली निव्वळ संगणकावर बनवलेली नाही. सेटवर खरी बाहुली असायची, कळसूत्री कलाकार तिची भुवई नि ओठ हलवायचे. समोरच्या मुलांची नजर म्हणूनच इतकी खरी वाटते.

तिन्ही सीझन पाहायचेत, तर आधी जुने सिनेमे बघा. २०१९ चा वगळलात तरी चालेल.