आत्याही त्या ग्रुपवर आहे

‘लग्न झालेली माणसं बारा टक्के जास्त जगतात. जोडीदार गेला की दुसराही वर्षभरात जातो. एकटं राहणं म्हणजे रोज पंधरा सिगारेटी ओढणं. म्हणून मुलांची लग्नं वेळेत करा.’

गुलाबाच्या फुलांसकट हा मेसेज गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर आला. खाली भराभर नमस्काराचे हात पडले. त्याच ग्रुपवर माझी आत्या आहे. आतोबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी फोनवर तिने मला विचारलं, ‘म्हणजे माझे आठ महिने राहिले का गं?’ तिचा आवाज अजून कानात आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तिच्याच प्रश्नापासून सुरुवात करते. जोडीदार गेल्यावर धोका वाढतो, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. 1969 साली कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 55 वर्षांपुढच्या 4,486 विधुरांची पाहणी मांडली. पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले 213 जण गेले. त्या वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण 40 टक्क्यांनी जास्त होतं. चाळीस टक्के म्हटलं की छातीत धस्स होतं. पण 4,486 पैकी 213 म्हणजे शंभरात पाचही नाहीत! बाकीचे पंचाण्णव सहा महिन्यांनंतरही होते, आणि पुढे त्यांचा मृत्युदर उतरत उतरत विवाहितांच्या बरोबरीला आला. 2008 साली अमेरिकेतल्या 3,73,189 वृद्ध जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायको गेल्यावर नवऱ्याचा धोका 18 टक्क्यांनी आणि नवरा गेल्यावर बायकोचा 16 टक्क्यांनी वाढलेला दिसला. यातून ‘दुसराही वर्षभरात जातो’ कसं निघतं? बहुतेक जण जात नाहीत. जपायचे असतात ते पहिले काही महिने.

आणि ते कसे जपायचे, हे आमच्याच घरात दोनदा दिसलं. मामी गेली तेव्हा मामांना स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव माहीत नव्हतं. मामी रोज सकाळी चहाच्या बशीत एक पांढरी आणि एक गुलाबी गोळी ठेवायची, ते घ्यायचे. तेराव्यानंतर बशीत गोळ्या आल्या नाहीत, त्यांनी मागितल्याही नाहीत. तीन आठवड्यांनी चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे आम्हाला कळलं. आत्याचं उलटं. औषधं तिला तोंडपाठ, पण ‘एकटीसाठी कुकर कशाला लावायचा’ म्हणून रात्र चहा-बिस्किटांवर जायची. शोकाने माणूस खचतो, नक्कीच. पण गोळी आणि जेवण चुकल्यानेही खचतो, आणि हे दोन्ही घरच्यांच्या हातात असतं.

आता ते बारा टक्के. आकडा खोटा नाही, वाचला चुकीचा आहे. 2007 साली लांबेर्तो मान्झोली आणि सहकाऱ्यांनी अडीच लाखांहून जास्त वृद्धांच्या 53 स्वतंत्र तुलना एकत्र तपासल्या. विवाहितांचा मृत्यूचा धोका बारा टक्क्यांनी कमी निघाला. जितक्या काळात लग्न नसलेल्यांच्या गटातले 100 जण गेले, तितक्या काळात तितक्याच मोठ्या विवाहितांच्या गटातले 88 गेले, असा त्याचा अर्थ. आयुष्य बारा टक्क्यांनी वाढलं, असा नव्हे. उतारवयात मृत्यूचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. त्या हिशोबाने हा फरक दीडेक वर्षाचा भरतो. मेसेज वाचणारा मात्र ऐंशीचे नव्वद करून मोकळा होतो.

ते दीड वर्षही लग्नानेच दिलं, हे कशावरून? लग्न कोणाचं होतं, हे आपण सगळे जाणतो. कोड आहे, क्षयरोग होऊन गेला, फिट येते, असं कळलं की स्थळ परत जातं. आपल्याकडे तर हे कायद्यातच होतं: 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे झटके ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट ठरली, ती 1999 मध्ये काढली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत कायद्यात होतं. आजारी माणसाला आधी मांडवाबाहेर ठेवायचं आणि मग बाहेरचे लवकर जातात असं म्हणायचं, हा कुठला न्याय? संशोधक आरोग्य, पैसा, शिक्षण यांचा हिशोब जमेल तितका वजा करतात. पण सगळा कधीच वजा होत नाही.

सिगारेटींची तुलना लग्नाबद्दल नाहीच. ती जुलियन होल्ट-लन्स्टड यांच्या कामातून आली. त्यांनी 2010 साली 148 अभ्यास एकत्र केले, माणसं तीन लाखांवर. ‘एकटे राहता का?’ एवढंच विचारलं तिथे मृत्यूच्या धोक्यातला फरक सगळ्यांत कमी दिसला. मित्र, नातलग, शेजार, कुठल्या मंडळात जाणं-येणं, हे सगळं मिळून मोजलं तिथे सगळ्यांत मोठा. आत्याचं शुक्रवारचं भजनी मंडळ यात धरलं जातं. भरल्या घरात न बोलणारा नवरा धरला जाईल की नाही, मला शंका आहे.

राहिला ‘म्हणून लग्नं करा’ हा आदेश. मार्क लुई यांनी जर्मनीतल्या बव्हेरियातल्या कॅथलिक मठांमधल्या 11,624 नन आणि साधूंच्या नोंदी तपासल्या. बाहेरच्या जगात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी वर्षं जास्त जगत होत्या, मठात तो फरक वर्षभराच्या आसपास उरला. जन्मभर अविवाहित राहिलेले ते साधू बाहेरच्या सामान्य पुरुषांपेक्षा जास्त जगले, आणि बाहेरचे बहुतेक संसारी होते. मठाच्या रोजच्या जगण्याला शिस्त असते: जेवणाची वेळ ठरलेली, पंगत एकत्र, आणि एखादा पंगतीला दिसला नाही तर कोणीतरी जाऊन त्याचं दार वाजवतं.

आत्याच्या बिल्डिंगमध्ये सकाळी सहाला दुधाची पिशवी दाराच्या कडीला लागते. सातनंतरही ती तिथेच दिसली, की समोरच्या काकू बेल वाजवतात.