आधी भिंत शांत होऊ द्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘भिंत बरी करण्याऐवजी झाकायला शिकवता, हे ताप उतरवायच्या ऐवजी थर्मामीटर लपवण्यासारखं आहे,’ असं तुम्ही भिंतीवरचे डाग-भेगा झाकण्याबद्दलच्या माझ्या लेखावर लिहिलंत. वॉलपेपर, पॅनेल, खरबरीत रंग ही सगळी घर विकणाऱ्यांची सोंगं, असंही. यातलं अर्धं मला मान्य आहे, आणि त्या अर्ध्यात चूक माझीच आहे.

‘ओलीच्या डागावर पुट्टीचे दोन हात मारून वॉलपेपर लावा’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते काढून टाकलंय. ओल चालू असताना वरून काहीही लावलं तरी पाणी आतले क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतंच. तिथे ते सुकतं, क्षारांचे खडे होतात आणि रंगाला मागून ढकलतात. पोपडे धरतात ते असे. वॉलपेपरचा गोंद पिष्टाचा असेल तर बुरशीला आयतं जेवणच. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पलंगामागे मी हौसेनं पॅनेल बसवलं होतं. दोन वर्षांनी कुबट वास कुठून येतो म्हणून ते उघडलं, तर मागची भिंत कोपऱ्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत काळी. तरीही मी ते वाक्य लिहिलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भिंतीवर येणाऱ्या पांढऱ्या भुकटीबद्दल तुम्ही विचारलंत. पाणी शिंपडून बघा. विरघळून दिसेनाशी झाली तर लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार; राहिली तर बुरशीचा संशय घ्या. आणि ओल कुठली ते कळायला प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर बसतेय. तिथे गिलावा फोडून उपयोग नाही, हवा खेळती करा.

आता न पटलेलं अर्धं. ‘प्रत्येक भेग म्हणजे गिलावा काढून नव्यानं करणं’ हे मी मानणार नाही. केसासारखी भेग बहुतेक वेळा गिलावा सुकताना आकसल्याची खूण असते, रोग नव्हे. माझी कसोटी एकच: भेग अजून चालतेय का? दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, काही महिने थांबा. रेघ ओलांडली नाही तर ती मेलेली भेग, खुशाल भरा. ओलांडली, किंवा भेग 5 मिलिमीटरपेक्षा रुंद झाली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी निघाली, एका बाजूचा गिलावा पुढे आला, तर रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

भरतानाही लोक घाई करतात. बोटानं पुट्टी दाबली की वर पापुद्रा बसतो, आत पोकळच राहतं. भेग आधी टोकदार हत्यारानं इंग्रजी ‘व्ही’सारखी उघडायची, धूळ ब्रशनं झाडायची आणि आजूबाजूला बोटांनी ठोकून ऐकायचं. ‘भद’ वाजलं तर तेवढा गिलावा सुटलाय, तो काढायचाच. मग भरणं, त्यावर जाळीची पट्टी, आणि शेवटचा हात भेगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर पसरवून कडा शून्यावर नेणं. घर जुनं असेल तर कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिश पेपर ओला करून घासा.

एवढं करूनही रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरलात तर उंचवटे दिसतीलच. चकाकणारा रंग ते चारचौघांत मांडतो, मॅट रंग पोटात घालतो. इथे मॅट रंग निवडणं किंवा समोर पुस्तकांचं कपाट उभं करणं, यात मला काहीच खोटं वाटत नाही. भिंत कोरडी आहे, स्थिर आहे, फक्त दिसायला बरी नाही. घर विकताना मात्र झाकलेलं काय ते घेणाऱ्याला सांगावं, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत.

तुमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दर वर्षी नव्यानं उघडते म्हणालात. ती गेल्या वर्षीइतकीच उघडते की थोडी जास्त? मोजलं नसेल तर आजच रेघ मारा, आणि तोवर तिला हात लावू नका.