मांजराला उपाशी ठेवून चरबी उतरत नाही, यकृत निकामी होते

गेले काही आठवडे सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांत ‘कुत्र्यामांजरांची चरबी दहा दिवसांत उतरवा’ अशा मथळ्याचा एक मजकूर फिरतो आहे. लिहिणाऱ्याचे नाव नाही, कोणा पशुवैद्याचा आधार नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जाड मांजराला तीन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवावे, कुत्र्याला रोज अनशापोटी भिजवलेला बेदाणा आणि लसूण द्यावा, त्याला दुचाकीमागे पळवावे, नसबंदीमुळे जनावरे फुगतात म्हणून ती करूच नये, आणि एवढे करूनही वजन हलले नाही तर काळजी करू नये, कारण गुटगुटीत जनावर सुदृढच असते. हा मजकूर विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने आपल्या बोक्याची ताटली उचलून ठेवली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक सल्ला पहिलाच आहे. आषाढी-कार्तिकीचा कडक उपवास माणसाला सोसतो, धडधाकट कुत्राही एखादा दिवस न खाता निभावून नेतो. मांजराच्या शरीराची घडण मात्र वेगळी आहे. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी असून त्याचे यकृत प्रथिने मोडून ऊर्जा मिळवण्याचे काम अखंड चालू ठेवते आणि अन्न बंद झाले तरी तो वेग फारसा कमी करू शकत नाही. अन्न थांबले की अंगावर साठलेली चरबी रक्तात उतरते आणि यकृताकडे जाते; पण ती हाताळून पुढे पाठवण्यासाठी लागणारी प्रथिने व इतर घटक अन्नातूनच यायचे असतात, आणि नेमके तेच बंद केलेले असते. परिणामी चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते आणि यकृत काम करेनासे होते. या आजाराला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. मांजर जितके जाड, तितका धोका मोठा. म्हणजे ज्या मांजरांना उपास सर्वांत कमी सोसतो, त्यांनाच उपाशी ठेवायला हा मजकूर सांगतो.

त्यात पुढे असेही लिहिले आहे की तिसऱ्या दिवशी मांजर खायला मागत नाही, याचा अर्थ शरीर चरबी वापरू लागले. या एका वाक्याचा मला सर्वांत जास्त संताप आला. ज्याला लिहिणारा यशाची खूण म्हणतो, ती आजाराची सुरुवातीची खूण आहे. मांजर सुस्त होते, लाळ गाळते, उलट्या करते, पुढ्यात मासळी ठेवली तरी तोंड फिरवते. पुढे कानाच्या आतली कातडी, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. त्यानंतर नाकातून किंवा मानेतून नळी घालून कित्येक आठवडे अन्न पोटात पोहोचवावे लागते, आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक मांजरे दगावतात. मांजराचे वजन आठवड्याला अर्ध्या ते एक टक्क्याने उतरावे, असे पशुवैद्य सांगतात. सहा किलोच्या बोक्यासाठी हे तीस ते साठ ग्रॅम होतात. दहा दिवसांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडणे हेच मुळात धोक्याचे आहे.

बेदाण्याचा सल्ला कुठेही वाईटच ठरला असता, पण तासगाव-सांगलीच्या पट्ट्यात तो अधिक वाईट आहे, कारण इथल्या घरांत बेदाणा किलोकिलोने भरलेला असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवला जातो. द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ल्यानंतर काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत निकामी होतात. कोणत्या कुत्र्याला किती बेदाण्यांनी बाधेल हे आधी सांगता येत नाही. एखादा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यानेही आजारी पडतो. ‘आमच्या कुत्र्याने खाल्ले, त्याला काही झाले नाही’ हा त्यामुळे पुरावा होऊ शकत नाही. 2021 साली अमेरिकेतील प्राणी-विषबाधेच्या तज्ज्ञांनी यामागे द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावे असे मांडले. त्याचे प्रमाण द्राक्षाच्या वाणानुसार आणि पक्वतेनुसार बदलते, त्यामुळे परिणाम इतका बेभरवशाचा का असतो हेही उलगडते. लसणाचे म्हणाल, तर लसूण आणि कांदा कुत्र्यामांजरांच्या लाल रक्तपेशी फोडतात आणि रक्तक्षय घडवतात. मांजरांना हा त्रास अधिक होतो. भडंगातला लसूण निवडून काढता येत नाही, तेव्हा संध्याकाळच्या बशीतला घासही नको.

दुचाकीमागे पळवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कुत्रा अंग थंड ठेवतो तो मुख्यतः धापा टाकून. चरबीने जड झालेल्या कुत्र्याला, विशेषतः पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीला, एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या डांबरावर वाहनाच्या वेगाने पळवणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे आहे, आणि सांध्यांची हानी होते ती निराळीच. पहाटे कृष्णाकाठी त्याच्या चालीने चालवावे आणि अंतर हळूहळू वाढवावे.

नसबंदीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, म्हणून पूर्वीइतकेच खाणे चालू ठेवले तर वजन वाढते. पण यावरचा उपाय त्याच आठवड्यापासून खाणे मोजून कमी करणे हा आहे. नसबंदी टाळल्याने कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार जडू शकतो, याचा मजकुरात उल्लेखही नाही.

राहता राहिले ‘गुटगुटीत म्हणजे सुदृढ’. याला एकच उत्तर पुरेसे आहे. अमेरिकेत 48 लॅब्राडोर कुत्र्यांच्या 24 जोड्या पिल्लूपणापासून मरेपर्यंत अभ्यासल्या गेल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दिले जाई. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे, तर जास्त खाणाऱ्यांचे 11.2 वर्षे भरले, आणि सांधेदुखीही पहिल्या गटाला उशिरा गाठली. हा अभ्यास प्युरिना या पशुखाद्य कंपनीने केला होता, असा आक्षेप कोणी घेईल. पण खाद्य विकणारी कंपनीच कमी खाऊ घालण्याच्या बाजूचा निष्कर्ष छापते, तेव्हा त्यावर अविश्वास दाखवायला मला तरी जागा दिसत नाही.

जनावर खरोखर जाड आहे का, हे घरी हाताने कळते. त्याच्या बरगड्यांवरून बोटे अलगद फिरवावीत. आपल्या हाताच्या पालथ्या बाजूवरून बोट फिरवताना हाडे जशी लागतात तशा त्या लागल्या तर वजन योग्य आहे, आणि तळव्यावर दाबल्यासारखे लागले तर चरबी चढली आहे. वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. नंतर पशुवैद्याकडून थायरॉइडसारखा आजार नाही ना याची खात्री करून लक्ष्य वजन ठरवून घ्यावे. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज काढण्यासाठी किलोतल्या वजनाला तीसने गुणून त्यात सत्तर मिळवतात, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला सुमारे 370 किलोकॅलरी. तूप लावलेली एक चपाती शंभराच्या पुढे जाते. घरातल्या चौघांनी चहाच्या वेळी प्रेमाने एकेक तुकडा दिला की हिशेब तिथेच बिघडतो. वाटीने न देता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये तोलून द्यावे, वरचे खाणे दिवसाच्या गरजेच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नये, आणि दर आठवड्याला वजन करावे. मांजराला उचलून घेऊन आपण काट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे.

ज्यांनी हा मजकूर वाचून मांजराचे खाणे आधीच बंद केले आहे, त्यांनी आजच्या आज त्याला नेहमीचे खाणे थोडे थोडे द्यावे, आणि ते तोंड लावत नसेल तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. कुत्र्याने बेदाणे खाल्ले असतील तर किती आणि केव्हा खाल्ले हे लिहून घेऊन लगेच निघावे. त्याला ओकवण्यासाठी घरी मिठाचे पाणी पाजू नये, कारण तेही विषारी ठरू शकते.